गंगा ऐंशी किलोमीटरवरचा समुद्र सोडून आपल्याकडं का आली? (खंड फुटण्याबद्दलचा धागा)

गंगथडी | रविवार, रात्री ९.४०

आम्ही गंगाखेडचे. गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. माघात आईला घेऊन त्र्यंबकला गेलो होतो. ब्रह्मगिरी चढणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून कुशावर्तावर बसलो. तिनं पाण्यात हात घातला आणि विचारलं, "हितून समुद्र किती लांब रे?" म्हटलं, सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग एवढ्या जवळचं सोडून ही आपल्याकडं कशाला आली?"

१४६५ किमी वाहून ती पूर्वेच्या समुद्राला मिळते. शाळेत आपण "दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे" असं लिहून दोन मार्क घेतले. आईला ते सांगितलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, उतार तसा का? तेव्हापासून मी जमेल तेवढं वाचतोय. जे हाती लागलं ते इथं मांडतो. चुकत असेल तिथं जाणकारांनी हक्कानं थांबवावं.

आपल्या देशाची पश्चिम बाजू ही फुटलेल्या खंडाची कड आहे. गोंडवन, म्हणजे या सगळ्या खंडांचा मिळून झालेला जुना महाखंड, एकसंध होतं तेव्हा पश्चिमेला समुद्र नव्हताच, जमीनच होती. आफ्रिकेपासून आपण आणि आपले शेजारी सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी सुटायला लागलो. मग सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया पूर्वेकडून अलग झाले, तिथं बंगालचा उपसागर उघडला. पश्चिमेला मादागास्कर अजून चिकटलेला होता. तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला. सगळ्यात शेवटी, ६.३ कोटींच्या आसपास, सेशेल्स निघालं. आज हिंदी महासागराच्या मधोमध असलेल्या त्या बेटांवर ७५ कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट आहे. तो ज्वालामुखीच्या बेटाचा दगड नव्हे, खंडाचा तुकडा आहे.

खंड फुटतो तेव्हा मधला भाग खचतो आणि दोन्ही बाजूंच्या कडा वर राहतात. गंगा त्या वर राहिलेल्या कडेवर जन्मली. उगम सुमारे १०६७ मीटरवर. तिथून पश्चिमेला तुटलेली कड, पूर्वेला लांबलचक उतार. म्हणून ती ताज्या जखमेकडं पाठ करून निघते आणि १३ कोटी वर्षं जुन्या, केव्हाच निवलेल्या जखमेवर राजमहेंद्रीच्या खाली आपला गाळ टाकते.

मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढचं वाचून. आपली गंगा एकटी नाही. ब्राझीलमधली तिएते नदी अटलांटिकपासून अवघ्या बावीसेक किलोमीटरवर उगवते आणि समुद्राकडं न जाता खंडाच्या पोटात शिरते. आफ्रिकेतली ऑरेंज नदी लेसोथोच्या डोंगरात, हिंदी महासागराच्या बाजूला जन्मते आणि दोन हजार किलोमीटरहून जास्त वाहून अटलांटिकला मिळते. मादागास्करची पूर्व बाजू म्हणजे आपल्याला चिकटलेली बाजू. तिथं सह्याद्रीसारखाच उभा कडा आहे आणि त्यांच्या मोठ्या नद्या पश्चिमेला जातात. आपल्या पूर्वेला, त्यांच्या पश्चिमेला. जिथून फुटलो त्या जागेकडं दोघांचीही पाठ.

---

देगलूरकर | रविवार, रात्री १०.१५

फार आवडलं. एक भर घालतो. मराठवाडा म्हटलं की सगळे काळा दगड आणि काळी माती धरून चालतात. आमच्या देगलूर-बिलोलीकडं या. इथं काळ्या दगडाचं पांघरूण संपतं आणि खालची गादी दिसते, करडा-तांबूस ग्रॅनाइट. शेताच्या कडेला हत्तीएवढे गोल धोंडे पडलेले असतात. फोडलेल्या खडीत गुलाबी दाणे चमकतात. लहानपणी मला वाटायचं की सगळीकडं दगड असाच असतो. लातूरला शिकायला गेलो तेव्हा काळा दगड पाहून नवल वाटलं होतं.

म्हणजे गोंडवनाचा मूळ खंड बघायला सेशेल्सला जायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात तो उघडाच आहे.

---

भूगोलाचा_तास | रविवार, रात्री १०.५२

गंगथडीदादा, मी परभणीत आठवी-नववीला भूगोल शिकवते. पोरं नेहमी एकच प्रश्न विचारतात आणि मी अडते. खंडाची जाडी ३५-४० किलोमीटर. एवढा दगड फाटतो कसा? आणि ओढतं कोण?

---

काळा_पाषाण | सोमवार, सकाळी ७.०५

ताई, मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, संभाजीनगरला असतो. आधी ओढण्याबद्दल सांगतो.

भूपट्टाची एक कड दुसऱ्या भूपट्टाखाली घुसून खोल बुडत असली तर ती बाकीच्या भूपट्टाला आपल्यामागं खेचते. भारताच्या उत्तरेला टेथिस समुद्राचा तळ असा बुडत होता. आपण त्या ओढीनं उत्तरेला निघालो, आणि एका काळात वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगानं धावलो. भूपट्टांच्या मानानं हा वेग फार मोठा आहे. दुसरी गोष्ट उष्णतेची. खालून गरम प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा खडकाचा जाड थर, वर चढलं की वरचा खंड तापून नरम पडतो. मजबूत खंड नुसत्या ओढीनं सहसा फाटत नाही. जुना सांधा असावा लागतो किंवा खालून उष्णता लागते. आपल्या पश्चिमेला दोन्ही होतं.

आता वेग. आफ्रिकेची पूर्वेकडची खचदरी आज वर्षाला सहा-सात मिलिमीटरनं रुंदावते, म्हणजे वर्षाला गव्हाचा एक दाणा. पण हे काम रोज थोडं थोडं असं होत नाही. इथिओपियाच्या अफार भागात सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे ६० किमी लांबीची भेग काही दिवसांत उघडली, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. खालून शिलारस तिच्यात शिरला. शेकडो वर्षांची ओढ साठते आणि एका आठवड्यात सुटते.

शेवटी शेवटी वेग वाढतो, हेही लक्षात घ्या. कासरा तुटताना बघितलाय ना? एकेक पीळ सुटत जातो तोवर कासरा तग धरतो. शेवटचे दोन-तीन पीळ उरले की बैलाच्या एका हिसक्यात तुटतो. खंडाचंही तसंच. पातळ होत जातो तसा कमजोर होतो, आणि ओढ तेवढीच असली तरी तो जास्त वेगानं सुटतो.

---

ज्वारीचं_कणीस | सोमवार, दुपारी ३.३०

मी काल रात्रीपासून हा धागा वाचतेय. आज स्वयंपाक करताना करून पाहिलं ते सांगते.

परातीला तेलाचा हात लावला. कणीक जरा सैल मळून जाड पोळीसारखी पसरली. त्यावर ज्वारीचं पीठ मळून तेवढ्याच आकाराची भाकरी थापली. मग लेकीला समोरून धरायला लावलं आणि दोघींनी खालची कणीक हळूहळू आपापल्याकडं ओढली. ज्वारीला चिकटा नाही, त्यामुळे वरच्या थराला लगेच आडव्या भेगा पडल्या. एक-दोन नव्हे, पाच-सहा, एकमेकींना समांतर. तुकडे सुटे झाले आणि खालच्या कणकेवर बसून किंचित कलंडले. कणीक मात्र फाटली नाही. मध्ये पातळ होत गेली, दोन कडांना जाडच राहिली. अजून ओढल्यावर ज्वारीच्या तुकड्यांच्या मध्ये कणीक दिसायला लागली, आणि शेवटी एका जागी कणीकही फाटून खाली परात दिसली.

खंड असाच फाटतो का?

---

काळा_पाषाण | सोमवार, दुपारी ४.१०

ताई, तुमचा प्रयोग मी पूर्वीच ऐकला असता तर माझ्या वर्गात तीस वर्षं केला असता.

अगदी असंच. भूकवचाचा वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा भाग थंड आणि ठिसूळ, तो तुमची ज्वारी. तो प्रस्तरभंगांनी तुटतो, तुकडे कलंडतात आणि मधल्या खळग्यांत तळी साचतात. आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर अशाच खळग्यात आहे, १४७० मीटर खोल. सायबेरियातलं बैकलही खचदरीतच, १६४२ मीटर, जगातलं सगळ्यात खोल. खालचा भाग गरम, तो तुमची कणीक. तो तुटत नाही, ताणला जातो. ताणून जाडी निम्मी झाली की तेवढ्या प्रमाणात खंड खाली बसतो, कारण पातळ फळी जाड ओंडक्याएवढी पाण्याबाहेर राहत नाही. १९७८ मध्ये केंब्रिजच्या डॅन मॅकेन्झी यांनी याचं साधं गणित मांडलं. ताणताना एकदा खचतं, आणि नंतर खालचं गरम प्रावरण थंड होत जातं तसं कोट्यवधी वर्षं सावकाश खचत राहतं. सगळ्या खचलेल्या किनाऱ्यांचा अभ्यास आजही तिथूनच सुरू होतो.

आणि तुमची परात! पूर्वी सगळे धरून चालले होते की खंड संपला की लगेच लाव्ह्याचा समुद्रतळ सुरू होतो. १९८५ मध्ये स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियाच्या किनाऱ्यापलीकडं, विंधन करणाऱ्या जहाजानं समुद्रतळाला छिद्र पाडलं. वर आला तो ना खंडाचा दगड, ना लाव्हा. वर आलं ते प्रावरण. पाणी मुरून हिरवट, गुळगुळीत झालेलं. त्या दगडाचं नावच सापाच्या कातडीवरून पडलंय, सर्पेंटिनाइट. ज्वारी फाटली, कणीक फाटली, आणि लाव्हा वर यायच्या आत परात उघडी पडली. पुढं पोर्तुगालसमोरही तेच सापडलं.

---

भूगोलाचा_तास | सोमवार, संध्याकाळी ६.२०

उद्या शाळेत परात नेणार. पण सर, आपल्याकडं परात का दिसली नाही? आपल्याकडं तर नुसता लाव्हा.

---

काळा_पाषाण | सोमवार, रात्री ८.४५

आपल्याकडं खालचं प्रावरण फार गरम होतं म्हणून.

प्रावरण तापवून वितळवावं लागत नाही, हे आधी समजून घ्या. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही शांत असतं, कारण दाब आहे. दाब उतरला की तेच पाणी आणखी आच न लागता खळखळतं. प्रावरणाचंही तेच. वरचा खंड ताणून पातळ झाला की प्रावरण वर चढतं, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. प्रावरण नेहमीएवढंच गरम असेल आणि खंड सावकाश फाटत असेल तर शिलारस थोडा, उशिरा. ती गॅलिसियाची तऱ्हा. प्रावरण जास्त गरम असेल तर शिलारसाचा लोंढा, तोही खंड पूर्ण फाटायच्या आधी. ग्रीनलंड आणि नॉर्वे एकमेकांपासून सुटले ते असे. आपणही त्यातले.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपण ज्या तप्तस्थळावर, म्हणजे खोलून गरम प्रावरण वर येणाऱ्या जागेवर, होतो ते आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे. दख्खनचा लाव्हा तिथला. आजही त्यानं पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. त्यानंतर दोन-तीन दशलक्ष वर्षांत सेशेल्स सुटलं. म्हणजे लाव्हा आधी, फाटणं नंतर. ब्राझील आणि नामिबियातही हाच क्रम. दोन्हीकडं सुमारे १३.४ कोटी वर्षांपूर्वीचा एकच लाव्हा आहे आणि त्यानंतर त्यांच्यामध्ये अटलांटिक उघडला. गंगथडींनी सांगितलेली तिएते त्याच लाव्ह्याच्या प्रदेशात उतरते. त्या दगडाची तिथं लाल माती झाली आणि तिच्यावर कॉफी पिकली. आपल्याकडं काळी झाली आणि कापूस पिकला. दगड एक, हवा वेगळी.

---

खोल_बोअर | सोमवार, रात्री १०.३०

मी केजकडचा, वीस वर्षं बोअरच्या गाडीवर हाय. शिकलेला नाही, पण दगड रोज हातात येतो म्हणून लिहितो. आमच्याकडं वरची काळी माती गेली की मुरूम लागतो. मग काळा पाषाण, बिट तापतं, भुकटी निळसर-काळी उडते. मग एकदम भुकटी लाल होते, गेरूसारखी. दोन-चार फूट लाल, की परत काळा. परत शे-दीडशे फुटांनी लाल. जुनी माणसं विहीर परसात मोजायची, ती पण सांगायची की अमुक परसाला गेरू लागंल. काळ्यात मधेमधे पांढऱ्या गारगोट्यांचा ठिपक्यांचा दगड येतो, तिथं पाणी लागायची आशा असते. हे लाल काय असतं ते आजवर कुणी नीट सांगितलं नाही.

---

काळा_पाषाण | मंगळवार, सकाळी ६.५०

दादा, तुम्ही जे पाहिलंय ते फार थोड्यांनी पाहिलंय. लाव्हा एकदम आला नाही. एक थर आला, निवला, मग काही काळ काहीच नाही. त्या काळात ऊन-पावसानं वरचा दगड कुजला, वाऱ्यानं ज्वालामुखीची राख आणून टाकली, लोखंड गंजलं. मग पुढचा लाव्हा वरून आला आणि त्यानं ते लाल भाजून काढलं. तुमचा गेरू म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. गारगोट्यांचे ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे, पुढं खनिजांनी भरले गेलेले.

पश्चिमेला हे थर जाड, पूर्वेला पातळ. कोयनेजवळ विंधनात ९०० मीटरच्या पुढं बेसॉल्ट लागला. किल्लारीला ३३८ मीटरवर संपला. त्याखाली आठ मीटर गाळाचा थर आणि मग देगलूरकरांचा तो जुना खडक. देगलूरला पोचेपर्यंत वरचं पांघरूण उरतच नाही.

---

किल्लारी_९३ | मंगळवार, सकाळी ११.१५

किल्लारीचं नाव आलं म्हणून लिहिते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला आले होते. आदल्या दिवशी गणपती उठले होते. घर दगड-मातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद. पुढचं लिहीत नाही.

इतकी वर्षं लोक म्हणतात की जमीन फाटत होती, इथं समुद्र होणार होता. हा धागा वाचून तीच भीती परत मनात आली. खरं काय ते सांगाल का?

---

काळा_पाषाण | मंगळवार, दुपारी १२.००

ताई, तसं नव्हतं. किल्लारीला जमीन फाटली नाही, दाबली गेली. फाटण्याच्या भूकंपात एक बाजू खाली सरकते. किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली होती. भारत आजही उत्तरेला हिमालयाशी रेटतोय, त्या रेट्याचा ताण सगळ्या द्वीपकल्पात साठतो आणि खालच्या जुन्या खडकातल्या जुन्या भेगांवर सुटतो. किल्लारीचा धक्का दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवरचा होता, म्हणून एवढ्या मोठ्या नसलेल्या भूकंपानं एवढी हानी केली. त्यात तुम्ही म्हणता त्या जड भिंती. समुद्र होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

---

गंगथडी | मंगळवार, रात्री ९.२०

ताई, लिहिलंत त्याबद्दल आभार.

सर, एक शंका. म्हणजे सह्याद्रीचा कडा हीच फाटलेली रेषा ना? माळशेजच्या वर उभं राहून मी आईला तसंच सांगितलं होतं. "बघ, हितून तुकडा गेला."

---

काळा_पाषाण | मंगळवार, रात्री १०.०५

इथं मात्र मी थांबवतो. पुस्तकांतही बरेचदा असंच लिहिलेलं असतं, पण कडा म्हणजे फाटलेली रेषा नव्हे. खंडाची खरी कड आज समुद्राखाली आहे. मुंबईसमोर भूखंडमंचच सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. खंडान्त उतार त्याच्याही पुढं. सगळ्या मंचाचा तळ ताणून पातळ झालेल्या खंडाचा आहे, ताईंच्या परातीतली मधली पातळ कणीक. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं ते याच खचलेल्या भागावर साचलेल्या चुनखडकात. तिथं पाणी जेमतेम पाऊणशे मीटर खोल आहे.

कडा मागं सरकत सरकत आजच्या जागी आलाय. कोकणातल्या उल्हास, सावित्री, वाशिष्ठी लहान असल्या तरी थोड्याच अंतरात शेकडो मीटर उतरतात आणि डोंगर पोखरत पूर्वेला येतात. कडेवरचं ओझं असं कमी झालं की खालची जमीन थोडी वर उचलली जाते. कड इतकी कोटी वर्षं उंच कशी राहिली याचं एक उत्तर हे. दुसरं मत असं की तप्तस्थळानं आधीच सगळा भाग घुमटासारखा उचलला होता आणि खाली थिजलेल्या शिलारसानं तो धरून ठेवला. यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला स्वतःला दोन्हींचा वाटा दिसतो.

फाटण्याची खूण जमिनीवर बघायची असेल तर ती कड्यावर नाही, खाली पनवेलजवळ आहे. घाटात लाव्ह्याचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे आडवे असतात. पनवेल-कल्याणच्या डोंगरांत तेच थर पश्चिमेला कललेले दिसतात, कुठं पाच अंश, कुठं दहा, कुठं त्याहून जास्त. समुद्राकडची बाजू खचताना थर वाकले ते तसेच राहिले. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या शिलारसाच्या भिंतीही तिथं आहेत. भेगा कोणत्या दिशेनं उघडत होत्या ते त्या दाखवतात.

---

देगलूरकर | मंगळवार, रात्री १०.४०

आणि जे फाटायला लागून थांबलं त्याचं काय? चंद्रपूर, बल्लारपूर, खाली सिंगरेणी, हा कोळशाचा पट्टा गोदावरी-प्राणहितेच्या कडेनंच जातो.

---

काळा_पाषाण | मंगळवार, रात्री ११.००

बरोबर ओळखलंत. ती अर्धवट राहिलेली खचदरी. २५-३० कोटी वर्षांपूर्वी तिथं खंड खचू लागला, खळग्यात जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. पण समुद्र काही उघडला नाही. नांदेडच्या पुढं गोदावरीला प्राणहिता मिळते आणि मग ती त्याच जुन्या खळग्यातून जाते.

---

गंगथडी | बुधवार, सकाळी ८.३०

काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. माळशेजला तिला चुकीचं सांगितलं होतं तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग नीट जागा दाखव."

म्हणून पनवेलला जायचं ठरवतोय, उन्हाळा सरायच्या आत. पाऊस पडला की डोंगर हिरवे होतील आणि थर दिसणार नाहीत. गंगाखेडहून एक जीप निघेल, आई पुढच्या सीटवर, मागं पाच जागा आहेत. सर, तुम्हाला संभाजीनगरला घेतो.

---

खोल_बोअर | बुधवार, सकाळी ९.१०

माझी एक जागा धरा. शेवटच्या बोअरमधला गेरू बरणीत भरून आणतो.

---

देगलूरकर | बुधवार, सकाळी ९.२५

मी गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा आणतो. परभणी स्टेशनवर थांबतो.